आठवी लक्ष्मी

शामसुंदर गुरुजींचा मुहूर्त चुकत नाही, असं पंचवटीत म्हणत. गुरुजी स्वतः तसं म्हणत नसत, पण कोणी म्हटलं तर अडवतही नसत. लग्न, मुंज, वास्तुशांत, नव्या ट्रॅक्टरची पूजा, सगळ्याला त्यांचाच शब्द लागे. त्यामुळे अश्विनात आल्हाद नावाचा एक गोडबोल्या तरुण आला आणि "आमच्या मोबाइलच्या खेळासाठी दिवाळीचे मुहूर्त सांगा, गुरुजी," म्हणाला, तेव्हा त्यांना त्यात वावगं काही वाटलं नाही. ते रेशमी सोवळं नेसून दिव्यांच्या झगझगाटात बसले आणि लिहून दिलेलं खणखणीत आवाजात म्हणाले, "हा शुभ मुहूर्त. आता पेटी उघडा. लक्ष्मी दाराशी उभी आहे." पेटी म्हणजे धनत्रयोदशीला पुजतात ती, अशीच त्यांची समजूत. दक्षिणा घसघशीत मिळाली, शिवाय आपण कॅमेऱ्यात बरे दिसतो हेही कळलं. पेटी कसली, एवढं विचारायचं राहून गेलं.

त्रिपुरी पौर्णिमेच्या सकाळी कलाबाई फुलं घेऊन आल्या. मखमलाबादला त्यांचा झेंडूचा मळा आणि रामकुंडाजवळ फुलांची पाटी. एरवी पुडी ठेवायची, वाकून नमस्कार करायचा आणि चालू लागायचं, हा त्यांचा शिरस्ता. आज त्या दारातच बसून राहिल्या.

"गुरुजी, एक शांती करायची हाय."

"कसली?" गुरुजींचा हात सवयीने पंचांगाकडे गेला.

"माझ्याच हाताला दोष हाय. सात लक्ष्म्या आल्या, आठवी काय येईना. धान्यलक्ष्मी. मळा आमी करतो, आन् तीच आमच्यावर रुसली."

गुरुजींना काही उमजेना, तेव्हा कलाबाईंनी मोबाइल पुढे केला. खेळात आठ लक्ष्म्या गोळा करायच्या होत्या. पैसे भरले की एक पेटी मिळते, पेटीत एक लक्ष्मी. आठही जमल्या की मोठी सोन्याची पेटी उघडणार, तीही खेळातलीच. दुपारी गिऱ्हाईक नसलं की कलाबाई खेळत. आधी फुकट, मग दहा-दहा रुपयांनी, आणि मग दसरा-दिवाळीचा सगळा झेंडू त्या पेट्यांत गेला.

"घरात कोनाला ठाव नाय. काल बुगड्या मोडल्या. आज सांजच्याला सातला शेवटचा मुहूर्त हाय, त्यात एकदम लय पेट्या उघडते. तुमीच तर सांगितलाय." त्यांनी बोट टेकवलं. पडद्यावर गुरुजी प्रकटले, रेशमी सोवळ्यात, हसतमुख. लक्ष्मी दाराशी उभी आहे.

गुरुजींनी मोबाइल हातात घेतला. एक फुकटची पेटी शिल्लक होती, ती त्यांनी स्वतः उघडून पाहिली. लक्ष्म्या गरगर फिरल्या, मंदावल्या, धान्यलक्ष्मी अगदी चौकटीत आली आणि केसभर पुढे सरकून गेली. "अरेरे, थोडक्यात गेली," गुरुजींच्या तोंडून निघालं. आपणच ते बोललो याची त्यांना फार लाज वाटली.

त्यांची वकील मुलगी यशश्री आतून बाहेर आली. तिने मोबाइल हातात घेऊन पाहिला. "बाबा, ही थोडक्यात गेलेली नाही. तसं वाटावं, म्हणून तशी बसवली आहे. किती पेट्यांमागे एक निघते, ते कुठेच लिहिलेलं नाही. कलाबाई, तुमच्या हातात काही दोष नाही."

कलाबाई गुरुजींकडे बघत राहिल्या. त्यांना वकिलाचं नाही, गुरुजींचं ऐकायचं होतं.

गुरुजींनी तिथूनच आल्हादला फोन लावला. "माझं चित्र काढा त्या खेळातून. आत्ता."

"वर्षभराचा करार आहे, गुरुजी. आणि तुमचा व्हिडिओ लागला की पेट्या दुप्पट उघडतात. लोकांचा विश्वास आहे तुमच्यावर."

"हा जुगार आहे."

"जुगार कसा? पेटीतून पैसे थोडेच निघतात, चित्र निघतं. वकिलांना विचारूनच केलंय सगळं. उद्या सरकारने नियम केले तर पाळू की."

"म्हणजे घालायचा पैसा खरा आणि निघायचं ते खोटं, म्हणून हा जुगार नाही? अहो, तीनपानीत निदान शेजारचा तरी जिंकतो. घाटावर पत्ते पिसणाऱ्याला पोलीस उचलतात आणि तुम्ही देवी पिसायला बसलात, तर तुमच्यासाठी अजून नियम व्हायचाय?" पलीकडून "मी वर कळवतो" असं गोड उत्तर आलं आणि फोन बंद झाला.

यशश्री म्हणाली, ग्राहक आयोगात तक्रार करू. पण आयोग त्याच्या चालीने चालणार, आणि मुहूर्त आज सातचा. "आज पेटी उघडू नका," असं गुरुजींनी बजावलं खरं, पण कलाबाई हो म्हणाल्या नाहीत. शांती नाहीच म्हणता का, एवढंच विचारून त्या गेल्या.

संध्याकाळी गुरुजींना घरात बसवेना. अंगात होता त्या सदऱ्यानिशी ते रामकुंडावर गेले. पायऱ्यांवर पणत्या लागल्या होत्या. कलाबाई पाटीमागे बसून मोबाइलकडे टक लावून होत्या, आणि मोबाइलमधून गुरुजींचाच आवाज येत होता. हा शुभ मुहूर्त. आता पेटी उघडा.

"कलाबाई, नका उघडू."

त्यांनी वर पाहिलं, मग खाली पडद्याकडे. "कोनच्या गुरुजींचं ऐकू? हे तर सोवळ्यात हायेत."

"ते खोटं बोलतायत. पैसे घेऊन बोललेत. मुहूर्त काढलाच नव्हता मी, लिहून दिलेलं वाचलं."

बाजूचे दोघं-तिघं वळून बघू लागले. कलाबाईंचा अंगठा पेटीवर थबकला होता. त्यांनी हळूच विचारलं, "मग आमच्या पोरीच्या, दिशाच्या लग्नाचा मुहूर्त? त्यो बी तुमी पैसे घेऊनच काढला व्हता."

पंचांग पाहून काढला होता, अगदी मन लावून काढला होता, हे गुरुजींच्या ओठांवर आलं. पण पटवून देणाऱ्या आवाजाचं काय होतं, ते समोरच दिसत होतं. ते एवढंच म्हणाले, "माझ्यावर विश्वास ठेवू नका, कलाबाई. पण तुमच्या हाताला दोष नाही."

कलाबाईंनी मोबाइल बंद केला आणि कमरेच्या पिशवीत ठेवून दिला. बुगड्यांचे पैसे अजून खात्यातच होते. रोजच्यासारखा नमस्कार केला नाही. पाण्याचा हबका मारून त्या पाटीतली फुलं सारखी करू लागल्या.

गुरुजी घाट चढून निघाले. वरच्या पायरीवर एक अनोळखी बाई मांडीवर मोबाइल घेऊन बसली होती. सातचा मुहूर्त अजून सरला नव्हता. तिच्या मांडीवरून गुरुजी खणखणीत आवाजात म्हणाले, लक्ष्मी दाराशी उभी आहे. बाईने मोबाइल कपाळाला लावला आणि पेटी उघडली.