विहिरीपर्यंतचे दोनशे दहा मीटर

“पाचही विहिरींचा पाणी साफ असा,” व्यवस्थापक गोकुळदास यांनी अहवाल सुविधासमोर सरकवला. “सही कर आणि फाइल बंद कर.”

“आज साफ असा, सर,” सुविधा म्हणाली. “मे महिन्यात नसतला.”

गोव्यातल्या पेडणे तालुक्यात एका सड्यावरच्या, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावरच्या, त्या औषधांच्या कारखान्यात सुविधाला अठरा वर्षं झाली होती. केमिकल इंजिनीअर म्हणून लागली खरी, पण पहिली दोन वर्षं सोडली तर सगळी नोकरी सरकारी फॉर्म भरण्यातच गेली. सांडपाणी किती, धूर किती, सही कुठे. ऑक्टोबरात जमिनीखालच्या टाकीचा सांधा गळताना सापडला. औषधं विरघळवायला वापरतात ते विषारी सॉल्व्हंट किती दिवस मुरत होतं, कुणालाच ठाऊक नव्हतं. टाकी बदलली, खालच्या वाड्यावरच्या, म्हणजे वस्तीतल्या, पाच विहिरी तपासल्या, पाणी शुद्ध निघालं आणि सगळे सुटल्यासारखे झाले.

सुविधाला मात्र चैन पडेना. तिने माळ्यावरच्या ट्रंकेतून कॉलेजची वही काढली. एखादा पदार्थ प्रवाहाबरोबर किती वाहतो, जाता जाता किती पसरतो आणि वाटेत किती अडकून राहतो, हे सगळं एका समीकरणात बसवायला ती कधीकाळी शिकली होती. तेव्हा नळीतल्या द्रवाची गणितं होती. आता नळीच्या जागी चिऱ्याचा, म्हणजे भोकाभोकांच्या जांभ्या दगडाचा, सडा होता. बोअरच्या जुन्या नोंदी, जमिनीचा उतार, चिऱ्याची भोकं, मिळेल ते घालून ती पंधरा दिवस गणित करत राहिली. उत्तर फिरून फिरून एकाच जागी येई: टाकीपासून दोनशे दहा मीटरवरची पद्मावतीबाईंची विहीर, मेचा तिसरा आठवडा.

मेमध्ये वाड्यावरच्या बाकीच्या विहिरी आटत आणि चौदा घरं पद्मावतीबाईंकडे पाण्याला येत. सड्यावरचं पाणी झिरपत तिथेच उतरायचं, म्हणून ती विहीर कधी आटली नव्हती. त्याच वाटेने आता सॉल्व्हंटही येत होतं.

“कागदावरच्या गणितान फाइल उघडी रवणा नाय,” तिचं सगळं ऐकून गोकुळदास म्हणाले. “आणि ह्यां बाहेर बोला नको. नोकरी असा तुझी.”

सुविधाने पेनाला टोपण लावलं. सही केली नाही. संध्याकाळी तिने स्कूटर खालच्या वाड्याकडे वळवली.

“माझ्या बांयत विष?” पंचाहत्तरीच्या पद्मावतीबाई विहिरीच्या कठड्याला टेकून उभ्या होत्या. “गो बाय, तळातलो खडो न खडो दिसता माका हयसून.”

“आज नाय, काकी. पण ता जमिनीखालसून येता हा.”

“दिसता तुका?”

“दिसणा नाय. गणित केलंय.”

पद्मावतीबाईंनी वाकून विहिरीत पाहिलं. “बरां. दर सोमवारी ये, पाणी ने, तपास. पण खोटां ठरलां, तर सगळ्या वाड्यासमोर तसा सांगूचा लागतला.”

“सांगतलंय.”

दर सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून सुविधा पाण्याची बाटली म्हापशाच्या प्रयोगशाळेत नेऊ लागली. शून्य. पुन्हा शून्य. “इली गो विषाची बाय!” पाण्याला आलेल्या बायका हसत. कारखान्यात तिचं टेबल हलवून स्टोअरच्या दारात टाकलं. पंधरा शून्यं झाली तेव्हा तिने सगळं गणित पहिल्यापासून तपासलं. त्यात चूक सापडली. चिरा सगळीकडे सारखाच धरला होता. मोठ्या भोकांतून पाणी त्याहून भरभर जात असणार. त्याच दिवशी ती वाड्यावर गेली.

“काकी, माझी चूक झाली. मेपर्यंत नाय, एप्रिलाच्या शेवटाकच येतला.”

“चुकलंस म्हणान सांगूक इलंस?” पद्मावतीबाई चकित झाल्या. “त्या कारखान्यातसून आजवर कोण कायच सांगूक इला नाय.” त्या दिवशी त्यांनी तिला पहिल्यांदा घरात बसवून चहा दिला.

एप्रिलच्या शेवटच्या सोमवारी अहवालात शून्याच्या जागी आकडा आला. अगदी लहान.

“मर्यादेच्या आत असा,” गोकुळदास म्हणाले.

“पुढल्या सोमवारी नसतला. ह्या कागदाची प्रत पंचायतीत दिवन इलंय. टँकर आजच व्हयो, सर.”

गोकुळदासांनी कागद दोनदा वाचला. मग टँकर मागवायला फोन उचलला.

पुढच्या सोमवारी आकडा मर्यादेच्या दुप्पट झाला. तोवर चौदाही घरं आठवडाभर टँकरचं पाणी पीत होती. त्या आठवड्यात त्या विहिरीची एक घागरही कुणाच्या स्वयंपाकघरात गेली नव्हती.

मेअखेर वाड्यावर नळ आले. विहिरीवर पत्रा टाकायचं ठरलं, त्या दिवशी पद्मावतीबाईंनी स्वतःच रहाट उतरवला.

“परत कधी साफ होतला गो?”

सुविधाने तेही गणित केलं होतं. वाहतं पाणी लवकर धुऊन निघतं. बारीक भोकांत मुरलेलं सावकाश सुटत राहतं.

“नऊ वर्सां, काकी. परत चुकलंय तर धा.”

पद्मावतीबाईंनी बोटांवर मोजलं. चौऱ्याऐंशी, असं ओठांत पुटपुटल्या. मग आत जाऊन पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आल्या.

“लिही हयसर, साफ होतला ता साल. माका नाय. मागसून येतल्यांका कळाक व्हया.”

सुविधा कठड्यापाशी गुडघ्यांवर बसली. शेवाळलेल्या चिऱ्यावर रंग धरेना. तिने कोयत्याच्या टोकाने दगड खरवडून साफ केला आणि एकेक आकडा पुन्हा जाड काढला. तो वाळेपर्यंत पद्मावतीबाई हातात डबा धरून तिच्या शेजारी उन्हात उभ्या राहिल्या.