मधला कापूस

गाद्यांचा विचार मला बाभुळगावजवळच्या एका खेड्यात सुचला. तिथे लेकीच्या लग्नात घरच्या कापसाची गादी देत. कोणती गादी कोणत्या साली भरली, ते बाया सहज सांगत. कापसातले फवारणीच्या औषधांचे अंश वर्षानुवर्षं कसे बदलत गेले, हे मी तपासत होते. प्रत्येक गादीत एकेक हंगाम आयताच भरून ठेवलेला होता.

सर्वांत जुनी गादी मथुराबाईंची, बीटी बियाणं येण्याच्या कितीतरी आधीची, माहेरी फवारणी होत नसे तेव्हाची. त्यांनी ती उन्हात टाकली होती. लेक दीपा बाळंतपणाला येणार होती.

"नव्या गादीतला कापूस फवारेल हाय," त्या म्हणाल्या. "लेक अन् नातू या जुन्या गादीवरच निजतीन. तुमी पाहून सांगा."

ती स्वच्छच निघेल असं मलाही वाटलं होतं. कोपऱ्याची शिवण उसवून मी चिमूटभर कापूस नेला. यवतमाळच्या प्रयोगशाळेत तपासला, तर सगळ्या गाद्यांत वाईट तोच. शिवाय त्यातलं विषारी द्रव्य इतर एकाही गादीत नव्हतं. पुन्हा तपासलं. तेच.

मी परत गेले. "ही कधी पिंजून घेतली होती?"

"कायले? माह्या मायच्या घरचा कापूस सरमिसळ कराले?"

"मग वरून काही टाकलं होतं?"

"दीपा लहानपणी मुतली असंन." त्या हसल्या, मग थांबल्या. "ढेकूण झालते. सासूबाई दरसाल पावडर भुरभुरे."

"आतही?"

"आत कशी टाकतीन, मॅडम?"

खरंच, आत कशी टाकतील? मी गादीला चीर देऊन अगदी मधला कापूस घेतला. प्रयोगशाळेत त्यात जवळजवळ काहीच निघालं नाही. पण वरचा थर दीपाच्या अंगाखाली नको, हे मी पुन्हा येऊन स्पष्ट सांगितलं.

मथुराबाई गादीकडे पाहत राहिल्या. "मी तं जलमभर निजली याच्यावर."

"तुमचं रक्तही तपासू."

"माह्यं मंग पाहू. आधी हे उसवा."

तोंडाला फडकी बांधून आम्ही अंगणात गादी उसवली. वरचं मी यवतमाळला न्यायला पिशवीत बांधलं; जाळलं तर विषारी धूर झाला असता.

"आता आमचा कचराबी यवतमाळले जाते," त्या म्हणाल्या.

मधला कापूस थोडाच उरला. दीपा आली तेव्हा त्या शेवटची शिवण घालत होत्या.

"आई, एवढीशी गादी?"

"तुह्यासाठी नाही थे. तू नीज चटईवर."