बाहुली मधोमध

पळसदेवच्या बनाबाईंचा धाकटा मुलगा रविराज गेल्या वर्षी उजनीच्या पाण्यात बुडाला. वर्षश्राद्धाआधी त्याचा वीतभर पुतळा करून घ्यायला त्या इंदापूरला माझ्या दुकानात आल्या. होडीत बसलेला, हातात जाळं धरलेला, असा त्यांना तो हवा होता.

एवढ्याशा चेहऱ्यावर डोळा जिवंत वाटायचा तर त्यातली बाहुली वरच्या पापणीला टेकवून जराशी बाजूला काढावी लागते. मधोमध काढली की नजर रोखल्यासारखी दिसते. मी परोपरीनं सांगितलं, पण बनाबाई ऐकेनात.

"त्यानं माज्याकडं बघाया पायजे," म्हणाल्या.

मग मी सुईच्या टोकानं मधोमध काळा ठिपका दिला आणि ओलसर चकाकी यावी म्हणून वर बिनरंगी नेलपॉलिश लावलं.

पुतळा न्यायला त्या थोरल्या सोमनाथला घेऊन आल्या. त्यानं तो हातात घेतला आणि लगेच टेबलावर ठेवला. मग तो डावीकडं सरकला, उजवीकडं सरकला.

"ह्यो माज्याकडंच बघतोय. दुसरं डोळं काढा."

माझं डोकंच फिरलं. मान मोडून काढलेले डोळे ते!

"बाहुली मधोमध असली की कुठूनही तसंच वाटतं. भुताटकी नाही ती," मी फटकारलं.

सोमनाथची नजर हलेना. "तवाबी असाच बघत हुता," तो पुटपुटला. "पार बुडंपातूर."

बनाबाईंनी पुतळा पदराखाली घेतला आणि सोमनाथकडं न बघता विचारलं, "त्या दिशी तू बारामतीला हुतास न्हवं?"