दाबउतारे महाराजांचं यंत्र

दसरा झाला की आमच्या जामखेडच्या बाजूला ऊसतोडीच्या टोळ्यांची निघायची घाई सुरू होते. जाण्यापूर्वी महिनोन्‌महिन्यांच्या बीपीच्या, साखरेच्या गोळ्या न्यायला माझ्या दवाखान्यापुढे रांग लागते. यंदा ती रांग गावाबाहेरच्या टेकडीवर लागली होती. तिथे दाबउतारे महाराज अवतरले होते. रक्तदाब, लकवा, छातीतली कळ, सगळं म्हणे हातासरशी उतरवतात. पुरावा हवा? तोही तयार होता. मनगटाला बांधायचं बीपीचं यंत्र त्यांच्यासमोर पाटावर हळदकुंकू लावून ठेवलेलं होतं.

खरं सांगते, मला जायचं नव्हतं. डॉक्टरकी करता करता अशा बुवांशी भांडून मी दमले आहे. एक जातो, दुसरा येतो आणि फसणारी माणसं तीच असतात. पण माझी जुनी पेशंट रंगुबाई तिकडे निघाल्याचं कळलं आणि उठावंच लागलं. तिची आई लकव्याने गेली. थोरला भाऊ उसाच्या फडात छाती धरून खाली बसला, तो उठलाच नाही. तंबाखूच्या मिश्रीशिवाय तिचा दिवस उजाडत नाही. मोठ्या मिनतवारीने मी तिचं बीपी गोळ्यांवर आटोक्यात आणलं होतं, आणि आता ती ऊसतोडीला देवळाली प्रवराकडे निघणार होती.

टेकडीवर एक बाभूळ होती. तिच्या काट्यांना लाल दोऱ्याने लोकांनी सोडलेल्या गोळ्यांची पाकिटं टांगलेली होती. नेम असा की आठवडाभर आधी गोळी बंद करायची, चपला पायथ्याशी काढायच्या आणि कुठेही न थांबता चढून यायचं. हा निरोप टोळीचा मुकादम पुंजाराम यानेच घरोघर पोचवला होता.

रंगुबाई धापा टाकत वर आली. महाराजांनी तिला उभीच ठेवली. "हात सोड खाली, धरणीमातेकडं!" मनगटाला यंत्र बांधलं. ते घरघरलं आणि आकडा आला, एकशे अठ्ठ्याण्णव.

"आग!" महाराज ओरडले. "रगतात आग पेटलीया! इंग्रजी गोळी म्हंजी बेडी. एकदा पायात पडली की सुटत न्हाई. आज तोडतो!"

मग तिला मांडवाच्या सावलीत डोळे मिटून गुमान बसवलं. गर्दीने बराच वेळ टाळ्या कुटल्या. शेवटी महाराजांनी तिचाच हात उचलून तिच्या डोक्यावर ठेवला. "हा माजा आशीर्वाद." यंत्र घरघरलं. एकशे अठ्ठावीस!

जयजयकार झाला. तिचा नवरा श्रीमंत तर रडायलाच लागला. पिशवीतून गोळ्या काढून तो बाभळीकडे निघाला.

"श्रीमंत, थांबा जरा," मी म्हणाले. "महाराज, यंत्र सोडू नका. रंगुबाई, डोक्यावरचा हात आता खाली सोडा."

"डॉक्टरीनबाई, हितं तुमचं काम न्हाई," महाराज म्हणाले.

"काम यंत्राचंच आहे."

मी बटण दाबलं. एकशे नव्वद. हात पुन्हा डोक्यावर नेला, एकशे तीस. पुन्हा खाली, पुन्हा वर. माणसं पुढे वाकून आकडे बघायला लागली.

"अविश्वासानं यंत्र बाटलं!" महाराज कडाडले.

"मंग माज्यावर लावा," पुंजाराम पुढे आला. त्याचाही आकडा हात खाली गेला की चढे आणि डोक्यावर गेला की उतरे. कुणीतरी फिस्सकन हसलं.

"टाकीच्या पाण्यासारखंच आहे हे," मी सांगितलं. "खालच्या नळाला जोर असतो, वरच्या नळाला धार बारीक. मनगट छातीच्या खाली असलं की यंत्र जास्त दाखवतं, वर असलं की कमी. त्यात आधी चढण चढून आलेला दम, नंतर सावलीतली विश्रांती. खरं मोजायचं तर शांत बसून, पाठ टेकून, मनगट छातीच्या उंचीला धरायचं."

तसं मोजलं. एकशे चौसष्ट. आठवडाभर गोळी सोडल्याचं फळ समोर दिसत होतं. महाराज एकदम ध्यानात गेले आणि ध्यानातच मागच्या बाजूने टेकडी उतरले.

वाटलं, सुटले. छे! अख्खी गर्दी बाभळीवर तुटून पडली आणि हाताला येईल ते पाकीट ओढायला लागली. एकाने शेजाऱ्याच्या साखरेच्या गोळ्या खिशात घातल्या. "लालभडक हाय, जोरात असंल," म्हणून दुसऱ्याने भलतंच पाकीट पळवलं. घसा फुटेस्तोवर मी ओरडले, "दुसऱ्याची गोळी खाऊ नका रे! उन्हात भाजलेल्या आहेत त्या. दवाखान्यात या, ज्याची त्याला नवी देते!"

रंगुबाई मात्र मांडवातच बसून होती. मी शेजारी टेकले.

"गोळी घेतली म्हंजी मला लकवा हुनार न्हाई ना?" तिने विचारलं.

"असं मी म्हणू शकत नाही."

"म्हाराजानं तर शब्द दिल्ता."

"म्हणूनच तो खोटा, रंगुबाई. आईचं आणि भावाचं दुखणं तुमच्या घराण्यात आहे, ते मला पुसता येत नाही. वय कुणाला थांबवता येत नाही. पण गोळी रोज घेतली, मिश्री सोडली, ठेच्यातलं मीठ आवरलं, तर धोका पुष्कळ कमी होतो. पूर्ण जात नाही."

तिने कंबरेची मिश्रीची डबी काढून माझ्या हातात दिली.

"माज्या आईला आसं कुनी सांगितलंच न्हाई वो," ती म्हणाली.

मला रडू आलं, ते लपवलं नाही.

म्हणून दमलेली असले तरी पुन्हा सांगते. डोकं दुखत नाही म्हणजे दाब नाही, असं समजू नका. घरात कुणाला लकवा झाला, कुणाच्या छातीत कळ आली, ते विचारा. तंबाखू, साखर, मीठ, वय, सगळं डॉक्टरांपुढे मांडा आणि दाब नीट बसून मोजून घ्या. शेजाऱ्याचा धोका वेगळा, तुमचा वेगळा. आणि तुला काहीच होणार नाही असं कुणी छातीठोक सांगितलं, तर तिथून सरळ उठून घरी या.