मुंडीच्या जागी गुलाब

अम्मी निवडणुकीला उभी राहिली तेव्हा तिचा फ्लेक्स मीच केला. वॉर्ड महिलांसाठी राखीव, म्हणून फ्लेक्सवर अब्बांचा फोटो मोठा. "घरच्या बाईचं तोंड चौकात नको," अब्बा म्हणाले. मग अम्मीच्या खांद्यांवर, जिथं एरवी मुंडी असते तिथं, मी गुलाब बसवला. नांदेडातल्या आमच्या दुकानात अशा बायकांसाठी चौदा गुलाब तयारच असतात.

अम्मीनं बघितलं. "मेरी मुंडी कां गई गे?" एवढंच.

ती हरली. फ्लेक्स गच्चीवर शेवया झाकायला कामी आला. एका दुपारी तो वाऱ्यानं उडायला लागला म्हणून अम्मीनं अब्बांची बाजू दुमडून मागून उभा धरला. कडेला तिची बोटं, खाली पाय, वर गुलाब. मी फोटो काढला, अम्मीचंच नाव दिलं, 'रईसा बेगम', आणि लातूरच्या एका कॉलेजात अतिवास्तव फोटोंची स्पर्धा होती, तिथं धाडला. पहिला नंबर.

प्रदर्शन बघायला गेले तर फोटोखाली पाटी: 'अनामिका'.

परीक्षक हणमंतराव सर समजावायला लागले. "मुबश्शिरा बेटा, गुलाब म्हणजे दडपलेली इच्छा. पाय म्हणजे मुळं. ही कुणी एक बाई नाही, ही स्त्री आहे."

"सर, ही माझी अम्मी हाय. बोटाला हळद दिसून राहिली बघा."

"कलावंताला स्वतःची कलाकृती कळत नसते."

"नाव बदलताना विचारायचं तरी."

"नावानं प्रतीक लहान होतं."

"बरं सर," मी म्हटलं. राग आला की मी फार सभ्य होते. दुकानातले लोक त्या दिवशी माझ्या हातातला कटर काढून घेतात.

बक्षीस समारंभाच्या फ्लेक्सचं काम आमच्याच दुकानाला होतं. त्या दिवशी स्टेजमागं सर वीस फूट उभे होते. सूट, टाय आणि टायच्या वर वांगं. देठासकट. खाली नाव: 'अनामिक'.

सरांनी माईक बाजूला केला. "हे काय हाय?" लातुरात पहिल्यांदाच ते बोलण्यावरून त्यांच्या मूळच्या उदगीरचे वाटले.

"प्रतीक, सर."

"माझं तोंड कुठाय?"

"माझ्या पिशवीत. स्टिकर करून आणलंय. आधी पाटी."

सरांनी पेन मागितला. सगळ्यांसमोर खाली उतरले, हॉलच्या कडेला लावलेल्या माझ्या फोटोपाशी गेले, पाटीवरचं 'अनामिका' खोडलं, 'रईसा बेगम' लिहिलं. मी त्यांना त्यांचं तोंड दिलं. पासपोर्ट साइझ.

बाहेर येऊन अम्मीला फोन लावला. म्हटलं, नाव लागलं.

"और मुंडी?" अम्मीनं विचारलं.