निशाणापुढचा चढ

मित्रांनो, मी उमापूरच्या शिवारातला एक जुना शंकरपट आहे. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीची धावपट्टी. तुम्ही म्हणाल, नुसती माती, तिला कसला आलाय घडवणारा! पण मला घडवणारा होता. बंकट नावाचा शेतकरी. त्याने आपली जोडी या माळावर आठ दिवस मोकळी पळवली, बैल कुठे दमतात ते पाहिले आणि मगच मला आखले. शर्यत जिथे संपते त्या निशाणापर्यंत सपाट आणि निशाणापुढे पन्नास पावले भुसभुशीत मातीचा चढ. "बैल कासऱ्यानं थांबत न्हाई, जमिनीनं थांबतो," असे तो म्हणायचा.

कितीतरी वर्षे जोड्या सुसाट यायच्या, चढाला लागायच्या आणि फुरफुरत आपोआप उभ्या राहायच्या. फेटे उडायचे, बैलांची वाहवा व्हायची. चढाचे नाव मात्र कुणी काढले नाही. खोटे कशाला बोलू, मला त्याचे वाईट वाटायचे.

पुढे शर्यतींवर बंदी आली. बंकटही गेला. माझ्या अंगावर बाभळी माजल्या. बंदी उठली तेव्हा गावचे पुढारी विजयसिंह मला नवे रूप द्यायला आले आणि मी हरखून गेलो. त्यांनी माझ्या टोकाला पाहुण्यांसाठी दगडी व्यासपीठ बांधले. पण तिथून निशाण दिसेना, मधे चढ येई.

"हा उंचवटा काढून टाका," ते म्हणाले.

बंकटची बायको मंजुळाबाई काठी टेकत पुढे आली. "दादा, चढ कावून काढता? लई इचारानं ठिवलाय त्यांनी."

विजयसिंहांनी तिच्या मुलाकडे, धर्मराजकडे पाहिले. चढ कशासाठी आहे हे त्याला लहानपणापासून ठाऊक होते. पण उद्घाटनाला पहिली जोडी त्याचीच पळणार होती, मानाचा फेटा मिळणार होता.

"आता जमाना बदलला, आई. तू गप बस," तो म्हणाला.

जेसीबीने तासाभरात चढ भुईसपाट केला.

उद्घाटनाच्या दिवशी धर्मराजची जोडी निशाण ओलांडून गेली. त्याने कासरा ओढला, हात सोलून निघेपर्यंत ओढला. बैल थांबेनात. पाहुणे बाजूला पळाले आणि डावा बैल, पाखऱ्या, व्यासपीठावर आदळला. त्याचा पुढचा पाय मोडला.

धर्मराज धुळीतच बसला. "आई, चुकलं गं माझं."

मंजुळाबाई पाखऱ्याच्या मानेवरून हात फिरवत होती. "विजयसिंहाला ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. "तुला व्हतं."

आता धर्मराज रोज पाटीने माती आणून टाकतो. पण चढ कुठून सुरू व्हायचा, किती उंच होता, हे कुणालाच नीट आठवत नाही.

मित्रांनो, जुन्याला नवे जरूर करा. माझे दगड वेचा, बाभळी तोडा. पण एखादी गोष्ट आड येते म्हणून काढण्याआधी ती तिथे कुणी आणि का ठेवली, एवढे विचारा. आणि ज्याला ठाऊक असेल, त्याने फेट्यासाठी गप्प बसू नये.

पाखऱ्या समोरच्या लिंबाखाली बांधलेला असतो. गावात हलगी वाजली की तो अजून तीन पायांवर उठू बघतो. तेव्हा मला त्याच्याकडे पाहवत नाही.