शुक्रवारचा गट

“माझ्या वर्गात मुलं खिडकीच्या कट्ट्यावर बसतात, राईली. फळ्यापर्यंत जायचं तर कुणाचे तरी पाय ओलांडावे लागतात.” ईदा दारातूनच म्हणाली. तिनं हातमोजेही काढले नव्हते.

“कुठली मुलं?”

“शुक्रवारची. ताइस्तोच्या गटातली. बुधवारी माझ्याकडे येऊन बसतात.”

“का, ते विचारलंस?”

“विचारलं. ‘बुधवार बरा पडतो,’ म्हणाली. सगळ्यांना एकदमच बरा पडायला लागला, बघ!”

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला तुळया आणि खांबांच्या मजबुतीचा विषय होता. त्याच्या सहायकांना कामं वाटून देणं राईली होक्कानेनकडे होतं. उदाहरणांचा तास कुणी कोणत्या दिवशी घ्यायचा, गृहपाठ कुणी तपासायचे, हे ती ठरवी. ताइस्तो वेह्विलायनेन सहायकांतला सर्वांत जुना. प्रयोगशाळेत अभियंता म्हणून लागला तेव्हापासून शुक्रवार त्याचाच. वाटणी करताना राईली आधी त्याचं नाव लिही आणि मग बाकीच्यांचा विचार करी. त्यानं लग्न केलं नव्हतं, इतरांसारखी सुट्टीसाठी तळ्याकाठी झोपडी बांधली नव्हती. त्याच्याकडे शुक्रवार होता.

त्याच्याविरुद्ध कधी तक्रार आली नव्हती. पण फिनिश मुलं तक्रार करत नाहीत. उठून दुसरीकडे बसतात.

त्या शुक्रवारी राईली त्याच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसली. मोठ्या वर्गात मोजकी मुलं होती. रीत जुनीच: उदाहरण सोडवलं असेल त्यानं दारातल्या कागदावर खूण करायची आणि खूण करणाऱ्यांपैकी एकाला सहायकानं फळ्यावर बोलवायचं. ताइस्तोनं वेन्ला नावाच्या मुलीला बोलावलं. तिनं तुळई काढली, भार दाखवला, दोन ओळी लिहिल्या आणि थांबली. मग फळ्याकडेच तोंड ठेवून हळूच म्हणाली, “इथपर्यंत आलं. पण भाराच्या खाली बलाचं चिन्ह उलटं का होतं?”

ताइस्तोनं समाधानानं मान डोलावली. “अगदी बरोबर. बस.”

वेन्ला क्षणभर उभी राहिली आणि जागेवर जाऊन बसली. कुणी हसलं नाही.

तासानंतर कॉफीच्या खोलीत ताइस्तो खुशीत होता. “यंदाचा गट लहान आहे, पण हुशार. काही विचारावंच लागत नाही त्यांना.”

“वेन्लानं विचारलं होतं,” राईली म्हणाली.

तो हसऱ्या चेहऱ्यानं तिच्याकडे बघत राहिला. तिनं तेच वाक्य मोठ्यानं म्हटलं. शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी कप खाली ठेवले.

“कधी?”

“फळ्यापाशी. तू म्हणालास, अगदी बरोबर.”

त्या विभागात शांततेचं कुणाला ओझं होत नसे. दोन माणसं न बोलता कॉफी संपवत आणि चांगल्या गप्पा झाल्यासारखी उठत. म्हणूनच ताइस्तोला काय होतंय ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. बहुधा त्याच्याही.

“काय विचारलं होतं?” त्यानं विचारलं.

राईलीनं त्याच्या कानाशी वाकून प्रश्न सांगितला.

“चांगला प्रश्न आहे.” मग तो म्हणाला, “बाकीची मुलं म्हणूनच गेली?”

तिनं होकारार्थी मान हलवली आणि पुन्हा त्याच्या कानाशी वाकली.

“कानाला यंत्र लाव, ताइस्तो. मग बघू.”

“लावीन. पण परीक्षा तोंडावर आहे. तोवर मुलांनी माझ्या कानांची वाट बघायची काय? शुक्रवार ईदाला दे.”

“आणि तू?”

“गृहपाठ तपासीन. कागद पुटपुटत नाहीत.”

तो कोट चढवून निघाला.

राईली खिडकीशी गेली. खाली बसथांब्यावर वेन्ला टोपी कानांवर ओढून उभी होती. ताइस्तो घसरत, सावरत तिच्यापर्यंत पोचला. काहीतरी बोलला. मग उंच देह वाकवून त्यानं आपला कान तिच्या तोंडाजवळ नेला आणि तसाच राहिला. वेन्ला बोलत होती, पुन्हा बोलली. त्यानं हातमोजा काढला आणि थांब्याच्या गोठलेल्या काचेवर नखानं एक आडवी रेघ ओढली. रेघेवर बाण काढला. वेन्लानं एका जागी बोट ठेवलं. त्यानं नकारार्थी मान हलवली आणि शेजारी दुसरी रेघ ओढली.

बस आली. दार उघडलं. वेन्लानं मागे न बघताच हात हलवून बसला जायला सांगितलं.